गरुडाच्या घरट्याची राखण: कोकण किनाऱ्यावरच्या स्वयंसेवकासाठी

शिकारी पक्ष्याचं घरटं राखायचं म्हणजे झाडाखाली पहारा द्यायचा, असा बहुतेकांचा समज असतो. तसं करायला गेलात तर घरट्याचं वाटोळं सगळ्यात आधी तुमच्याच हातून होईल. घरटं खरं राखतो तो ज्याच्या वाडीत झाड उभं आहे तो माणूस. आपल्या वाट्याला लांबून बघणं येतं, नेमाने लिहिणं येतं, आणि तो बागायतदार, वनरक्षक आणि गाव यांच्यात बोलणं चालू ठेवणं येतं. हे तिसरं काम सगळ्यात कंटाळवाणं आणि सगळ्यात उपयोगाचं.

हा लेख मुख्यतः समुद्री गरुडाबद्दल आहे. पांढऱ्या पोटाचा हा मोठा गरुड रायगडपासून सिंधुदुर्गापर्यंतच्या किनाऱ्यावर घरटी करतो आणि बऱ्याच गावांत त्याला काकण म्हणतात. गिधाडांचं आणि कड्यांवरच्या ससाण्यांचं काम थोडं वेगळं पडतं, त्यावर पुढे लिहिलं आहे.

कोकणात या कामाची वाट आधीच पाडलेली आहे. १९९२ साली चिपळूणला सुरू झालेल्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने समुद्री गरुडाची घरटी शोधत किनारा पिंजून काढला. त्याच फिरतीत २००२ मध्ये वेळासच्या पुळणीवर त्यांना समुद्री कासवाच्या अंड्यांची टरफलं दिसली आणि तिथून कासव संवर्धनाचं काम उभं राहिलं. माणूस नेमाने एका किनाऱ्यावर जात राहिला की शोधत नसलेल्या गोष्टीही नजरेला पडतात.

आधी पक्षी ओळखा, मग घरटं

पूर्ण वाढलेल्या समुद्री गरुडाचं डोकं, मान आणि पोट स्वच्छ पांढरं, पाठ राखाडी, शेपटी आखूड आणि पाचरीसारखी. उडताना पंख किंचित वर उचललेले असतात, समोरून पाहिलं तर उथळ व्ही दिसतो. गोंधळ होतो तो दोघांशी. ब्राह्मणी घारीचंही डोकं पांढरं असतं, पण अंग विटकरी आणि पक्षी बराच लहान. दुसरा गोंधळ गरुडाच्याच पिल्लाशी: पहिली काही वर्षं ते तपकिरी असतं आणि नवख्याला वेगळाच गरुड वाटतो. मासे मारणारा कैकर हिवाळी पाहुणा आहे, तो आपल्याकडे घरटं करत नाही. म्हणजे कुणी कैकराचं घरटं सापडल्याचं सांगितलं तर दुर्बीण घेऊन पुन्हा एकदा बघा.

घरटं चुकत नाही. उंच झाडाच्या भक्कम बेचक्यात काटक्यांचा हा मोठा ढीग असतो. तेच घरटं वर्षानुवर्षं डागडुजी करून वापरतात, त्यामुळे ते वाढत जातं. झाड बहुधा रायवळ आंब्याचं, वडाचं किंवा सुरूचं, खाडी किंवा समुद्र दिसेल अशा जागी. एका जोडीची हद्दीत दोन घरटीही असतात आणि ती आलटून पालटून वापरली जातात. म्हणून जुनं घरटं रिकामं दिसलं की जोडी गेली असं लिहून टाकू नका. आधी आसपासची मोठी झाडं बघा.

घरटं शोधायला रान तुडवायची गरज नाही. माडावर चढणारे पाडेली, खाडीत जाळं टाकणारे, गुराखी यांना विचारा. त्यांना घरटं माहीत असतंच, शिवाय गेल्या वर्षी पिल्लू उडालं की कावळ्यांनी खाल्लं हेही माहीत असतं. सुरुवातीला घरापासून जवळचं एकच घरटं घ्या. चार घरटी अंगावर घेऊन डिसेंबरपर्यंत दमणारे खूप असतात.

वर्षाचं गणित

पाऊस ओसरला की सप्टेंबर-ऑक्टोबरात जोडी घरट्यावर दिसू लागते. काटक्या आणणं, जोडीने ओरडणं, हिरव्या डहाळ्या अंथरणं सुरू होतं. अंडी साधारण ऑक्टोबरअखेरपासून जानेवारीपर्यंत, बहुधा दोन. उबवण सुमारे चाळीस दिवस. पिल्लू घरट्यात साधारण सत्तर दिवस राहतं, कधी थोडं जास्त. अंडी दोन असली तरी बहुतेकदा उडतं ते एकच पिल्लू. म्हणजे अंडं पडल्यापासून पिल्लू उडेपर्यंत जवळजवळ चार महिने, आणि या चार महिन्यांवर आपल्याकडची फवारणी, शिमगा, वणवे आणि आंबा काढणी बरोबर येऊन बसते.

हे आकडे पाठ ठेवा, कारण उलटं मोजता येतं. १० फेब्रुवारीला पिल्लू अंदाजे तीन आठवड्यांचं वाटलं, तर अंडं फुटलं साधारण २० जानेवारीला, घातलं गेलं डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात, आणि पिल्लू उडणार मार्चअखेर ते एप्रिलच्या सुरुवातीला. ही तारीख मालकाच्या हातात दिली की आंबा काढणीची आखणी करता येते. नोंदींचा पहिला व्यवहारी उपयोग हाच.

पहिली भेट मालकाची

दुर्बीण गाडीतच ठेवा आणि सकाळी, चहाच्या वेळेला घरी जा. ओळखीचा माणूस बरोबर असेल तर उत्तम. बोलणं साधारण असं होतं:

"काका, तुमच्या आंब्यावर काकणाचं घरटं आहे म्हणतात."

"आहे की. आमच्या वडलांच्या वेळेपासून आहे. तुम्हाला काय करायचंय त्याचं?"

"लांबून बघायचंय, आणि पिल्लू कधी उडतं ते लिहून ठेवायचंय."

"आणि उद्या सरकार म्हणालं झाडाला हात लावू नका, तर?"

हा शेवटचा प्रश्न प्रत्येक घरात असतो, उघड विचारला नाही तरी. त्याचं उत्तर गुळमुळीत देऊ नका. खरं ते सांगा. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ मध्ये पक्ष्यांची अंडी फोडणं आणि अंड्यांना किंवा घरट्याला त्रास देणं हे शिकारीच्या व्याख्येतच येतं. त्यामुळे घरटं वापरात असताना झाड तोडणं किंवा घरटं पाडणं महागात पडू शकतं. पण झाड मालकाचंच राहतं, वाडीतली नेहमीची कामं चालू राहतात, आंबे त्यानेच काढायचे. शिवाय आंबा, फणस, जांभूळ, किंजळ अशी झाडं तोडायला १९६४ च्या महाराष्ट्र वृक्षतोड अधिनियमाखाली परवानगी तशीही लागतेच. सुरूचं झाड त्या यादीत नाही, म्हणून सुरूवरचं घरटं जास्त नाजूक समजा. लाकडाचा ठेकेदार गावात फिरू लागला की आधी सुरूच जातो.

मालकाला पैसे देण्याचं आश्वासन देऊ नका, सरकारी योजनेचं तर मुळीच नको. जे तुमच्या हातात नाही ते बोललात की दुसऱ्या वर्षी दार बंद. त्यापेक्षा त्याच्याकडून ऐकून घ्या. घरटं किती जुनं, कुठल्या वादळात पडलं, पुन्हा कुठे बांधलं, हे सगळं वहीच्या पहिल्या पानावर त्याच्या नावाने लिहा. नाव लिहायला त्याची हरकत असेल तर नुसतं 'मालक' लिहा.

मग वनरक्षकाला भेटा आणि त्याच्यामार्फत परिक्षेत्र वन अधिकाऱ्यांना साधं पत्र द्या: कोणत्या गावात, कोणता पक्षी, कोण बघणार, कोणत्या महिन्यांत. खाजगी वाडीत मालकाची परवानगी हवी. राखीव वनात किंवा अभयारण्यात वन विभागाची लेखी परवानगी असल्याशिवाय पाय टाकू नका. ग्रामपंचायतीत सरपंच किंवा पोलीस पाटील यांच्या कानावर घातलेलं बरं. रोज दुर्बीण घेऊन फिरणारा अनोळखी माणूस किनारपट्टीवर संशयाला कारण होतो, आणि ते रास्तही आहे.

बरोबर काय घ्यायचं

८x४२ किंवा १०x४२ ची दुर्बीण पुरते. नवी घेणार असाल तर ८ ची घ्या. हात कमी थरथरतो आणि पहाटेच्या अंधुक उजेडात चित्र स्वच्छ दिसतं. पिल्लाचं वय ठरवायचं असेल तर स्पॉटिंग स्कोप (एका डोळ्याने बघायची मोठी दुर्बीण) आणि ट्रायपॉड लागतो, पण तो चौघांत एक चालतो. वही आणि पेन्सिल घ्या, घामाने पेनची शाई पसरते. घड्याळ, टोपी, पाणी, मातकट रंगाचे कपडे. ड्रोन नको, कुणाचाही, कितीही उंचावरून म्हणाला तरी. गरुड त्यावर झेप घेतो, दोघंही खाली येऊ शकतात आणि तोवर अंडी उघडी पडलेली असतात. पक्ष्याचा आवाज मोबाइलवर लावून त्याला बोलावणंही नको.

बसायची जागा

सगळं यावर अवलंबून आहे, म्हणून जरा तपशिलात सांगतो.

पहिल्या दिवशी घरट्यापासून निदान तीनशे मीटरवर थांबा. शक्यतो घरट्याच्या पातळीला किंवा थोडं वर, समोरच्या डोंगरउतारावर किंवा खाडीच्या पलीकडे. झाडाखालून काहीच दिसत नाही, वर घरट्याचं बूड तेवढं दिसतं आणि पक्षी मात्र तुम्हाला पुरता बघतो. सकाळी सूर्य तुमच्या पाठीशी येईल अशी बाजू निवडा. मागे झाडोरा किंवा गडगा असू द्या, आभाळाच्या रेषेवर उभे राहू नका. एकदा जागा ठरली की तीच, आणि तिथे जायची वाटही तीच. रोज त्याच वाटेने येणाऱ्या गुराख्याकडे पक्षी ढुंकून बघत नाही, नव्या वाटेने आलेल्या माणसाकडे मात्र बघतो.

आता पक्ष्याकडे बघा. तो अस्वस्थ होतो तो पायऱ्यापायऱ्यांनी. आधी तो तुमच्याकडे टक लावतो. मग मान ताणतो किंवा अंड्यांवरून उठून उभा राहतो. मग ओरडू लागतो, तो अनुनासिक, बदकासारखा चढता आवाज. आणि शेवटी उडतो. तुमची हद्द दुसऱ्या पायरीला संपते. मान ताणली गेली की मागे फिरा आणि पुढच्या वेळी शंभर मीटर लांबून सुरुवात करा. उडालाच, तर सामान आवरून निघा, दिसेनासे व्हा, आणि बऱ्याच लांबून तो परत आला का ते बघून किती मिनिटं लागली ते लिहा. अर्ध्या तासात परतला नाही तर त्या आठवड्यात तिकडे पुन्हा फिरकू नका.

इतकी काळजी कशाला? जानेवारीत दुपारी बारा वाजता उघड्या घरट्यावर पडणारं कोकणातलं ऊन हाताच्या पाठीवर घेऊन बघा. अंड्यातला जीव किंवा चार दिवसांचं पिल्लू त्या उन्हात फार वेळ टिकत नाही. आई-बाप उबवणीपेक्षा सावली धरण्यासाठी जास्त बसलेले असतात, पंख अर्धवट उघडून. आणि कावळे? ते तुमच्यापेक्षा चांगले निरीक्षक असतात. गरुड उडाला हे त्यांना तुमच्या आधी कळतं.

म्हणून अंडी असताना आठवड्यातून एकदा, दीड-दोन तास, तेही सकाळी सात ते नऊ. पिल्लू मोठं झालं, त्याला पिसं फुटली, की तीन तास बसलात तरी चालतं. बरोबर कुत्रा नको आणि एका वेळी दोघांपेक्षा जास्त माणसं नकोत.

काय बघायचं आणि कसं लिहायचं

नमुन्याची एक नोंद अशी:

"११ जानेवारी, ७.१० ते ९.००, निरभ्र, वारा नाही. ७.१० ला एक पक्षी घरट्यात बसलेला, डोकं आणि शेपटीचं टोक एवढंच दिसतं. ७.५२ ला दुसरा खाडीकडून आला, पायात हिरवी डहाळी. बसलेला उठला, कडेला आला. नव्याने डहाळी ठेवली, चोचीने खाली काहीतरी हलवलं, दोन्ही बाजूंना डुलत बसला. पहिला उडून सुरूवर. ८.३० ला दोन कावळे घरट्याच्या फांदीवर, बसलेल्याने मान उचलली, उठला नाही. खाली वाडीत फवारणीचा पंप चालू, पक्ष्याचं लक्ष नाही. अंदाज: अंडी आहेत."

शेवटचे तीन शब्द वेगळे लिहिले आहेत ते मुद्दाम. दिसलं ते आणि वाटलं ते यांची सरमिसळ झाली की दोन वर्षांनी वही वाचणाऱ्याला काहीच हाती लागत नाही. "काही दिसलं नाही" हीसुद्धा नोंदच आहे, ती वेळेसकट लिहा.

अंडी फुटल्याचं घरट्यात न डोकावता कळतं. आधी पक्षी खोल बसलेला असतो, आता जरा उंच, चुळबुळत बसतो. खाणं घरट्यात येऊ लागतं. आणि मग भरवण्याची ती खास हालचाल दिसते: पक्षी कडेला उभा, डोकं खाली जातं, मासा पायाखाली दाबून हिसका देऊन बारीक तुकडा तोडतो, पण गिळत नाही. मान पुन्हा खाली नेतो, अगदी हळू, आणि क्षणभर तशीच धरून ठेवतो. स्वतः खाताना तो मान वर करून गिळतो. हा फरक एकदा डोळ्यात बसला की तीनशे मीटरवरूनही पिल्लू आहे हे खात्रीने सांगता येतं, पिल्लाचं टोकही न दिसता.

पहिले दोन आठवडे पिल्लू पांढऱ्या लवीचं आणि मान लटपटणारं असतं. तीन-चार आठवड्यांत पंखांच्या कडांना गडद पिसांची टोकं दिसू लागतात. सहाव्या आठवड्याच्या सुमारास अंग बरंचसं तपकिरी होतं. मग ते उभं राहून पंख फडकवू लागतं, घरट्यातून बाजूच्या फांदीवर जातं, परत येतं. गळ्याखालची खाण्याची पिशवी फुगलेली आहे का हेही लिहा, तो पोट भरल्याचा सगळ्यात सरळ पुरावा. काय खाणं आलं तेही. समुद्री गरुड माशांइतक्याच हौसेने समुद्री साप आणतो. लोंबणारा साप घेऊन येणारा पक्षी लांबूनही ओळखता येतो.

झाडाखाली पडलेली हाडं, पिसं, टरफलं यांचा मोह आवरा. तिथे गेल्याने पक्षी उठतो आणि संरक्षित पक्ष्यांची पिसं-अंडी जवळ बाळगणं कायद्यानेही चालत नाही.

"यशस्वी" कशाला म्हणायचं

हौशी नोंदी इथेच फसतात. बरेच जण फेब्रुवारीत पिल्लू दिसलं की त्या घरट्याची नोंद सुरू करतात. मग हंगामाच्या शेवटी दहापैकी नऊ घरटी यशस्वी दिसतात आणि सगळे खूश होतात. ज्या घरट्यांतली अंडी डिसेंबरातच गेली ती यादीत आलेलीच नसतात. त्यामुळे मोजणी ऑक्टोबरपासून, जोडी हद्दीत दिसल्या दिवसापासून सुरू करायची आणि प्रत्येक घरट्यापुढे तीन प्रश्नांची उत्तरं लिहायची: जोडीने ताबा घेतला का, अंडी घातली का, पिल्लू उडण्याच्या वयापर्यंत पोचलं का. शेवटच्या प्रश्नासाठी पहिली झेप डोळ्यांनी दिसायलाच हवी असं नाही, ती क्वचितच दिसते. पूर्ण पिसांचं, फांदीवर येणारं, साधारण आठ आठवड्यांचं पिल्लू दिसलं तर यशस्वी धरा, आणि सगळ्या घरट्यांना हीच पट्टी लावा. घरटं फसलं तर तारीख आणि दिसलेली कारणंच लिहा. कारण कळलं नाही तर जागा कोरी सोडा. कोऱ्या जागेने कुणाचं नुकसान होत नाही.

संरक्षणाचं प्रत्यक्ष काम

नोंदीमुळे तुम्हाला तारखा कळतात आणि संरक्षण म्हणजे त्या तारखांना आपल्या माणसांशी बोलणं.

मोहोरावरच्या फवारणीने गरुड सहसा बिथरत नाही, माणसं खाली असतात आणि पंप ओळखीचा असतो. त्रास होतो तो माणूस वर चढला की. शेजारच्या माडावर पाडेली चढणार असेल तर पिल्लू लहान असताना नारळ काढायची ती एक खेप पुढे ढकलता येते का ते मालकाला विचारा. नाहीच जमलं तर सकाळी लवकर, भराभर आटपून खाली. दुपारी नको. ज्या झाडावर घरटं आहे त्याचे आंबे पिल्लू उडेपर्यंत वरच्या अंगाने काढू नयेत, खालच्या फांद्यांचे घळीने, म्हणजे जाळी लावलेल्या काठीने, काढावेत. हे मान्य करणारे मालक खूप आहेत, कारण घरट्याच्या झाडाखाली माकडं कमी येतात असं त्यांच्यापैकी बरेच सांगतात. खरं असेल नसेल, वाद घालू नका.

वणवे फेब्रुवारी-मार्चातले. झाडाभोवतीचं वाळलेलं गवत पक्षी अंड्यांवर बसण्याआधी, म्हणजे ऑक्टोबरातच, मालकाच्या मदतीने काढून टाका. शिमग्याच्या दिवसांत फटाके घरट्याच्या झाडापासून लांब वाजावेत एवढं मानकऱ्यांशी आधी बोलून ठेवा. ऐन पालखीत जाऊन सांगायचं धाडस करू नका.

रस्ता रुंदीकरणाचे खुणेचे दगड झाडाजवळ दिसले किंवा झाडावर आकडा रंगवलेला दिसला तर त्याच दिवशी फोटो काढून वनरक्षकाला कळवा आणि लेखी अर्ज द्या, पोच घ्या. हंगामाच्या तारखांची वही इथे कामाला येते. "झाड तोडू नका" या वाक्यापेक्षा "एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत घरट्यात पिल्लू आहे, या नोंदी पाहा" हे वाक्य अधिकाऱ्याला फाइलवर घेता येतं.

आणि फोटोग्राफर. स्पष्ट सांगतो: बहुतेक घरट्यांना सगळ्यात मोठा उपद्रव पक्षीप्रेमींचाच होतो. घरट्याची जागा कुठल्याही ग्रुपवर टाकू नका, "फक्त आपल्यातच" या अटीवरही नाही. मोबाइलच्या फोटोत ठिकाण दडलेलं असतं. व्हॉट्सॲपवर साधा फोटो पाठवला तर ते सहसा निघून जातं, डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर जसंच्या तसं जातं. कॅमेऱ्यातलं ठिकाण नोंदणं बंदच ठेवा. ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर यादी टाकायची असेल तर ती लोकांना न दिसेल अशी ठेवता येते, नाहीतर हंगाम संपल्यावर टाका. कुणी शहरातून "फक्त एक फोटो" म्हणून आलाच, तर तुमच्या तीनशे मीटरच्या जागेवर बसवा. अर्ध्या तासात कंटाळून जातो.

गिधाडं, ससाणे आणि घारी

पांढऱ्या पाठीचं गिधाड कोकणात उंच झाडांवर घरटं करतं, कधी माडावरसुद्धा. लांब चोचीचं भारतीय गिधाड सह्याद्रीच्या कड्यांवर. नाशिकजवळचं अंजनेरी त्यासाठी प्रसिद्ध आहे. दोघंही वर्षाला एकच अंडं घालतात, हिवाळ्यात. एक पिल्लू गेलं की त्या जोडीचं वर्ष गेलं. १९९२ ते २००७ या काळात भारतातली पांढऱ्या पाठीची गिधाडं ९९.९ टक्क्यांनी घटली, लांब चोचीची जवळजवळ ९७ टक्क्यांनी. कारण होतं गुरांना दिलं जाणारं डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक. हे औषध दिलेलं जनावर मेलं आणि गिधाडांनी खाल्लं की त्यांची मूत्रपिंडं निकामी होतात.

त्यामुळे गिधाडांच्या घरट्याची राखण निम्मी गोठ्यात असते. डायक्लोफिनॅकवर गुरांसाठी २००६ पासून बंदी आहे, पण माणसांसाठीची बाटली गुरांना टोचली जायची, म्हणून २०१५ मध्ये तिचा आकार ३ मिलिलिटरपुरता मर्यादित केला गेला. केटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफिनॅक या तशाच औषधांवर गुरांसाठी २०२३ मध्ये बंदी आली. मेलॉक्सिकॅम गिधाडांना सुरक्षित आहे. गिधाडांच्या वसाहतीच्या पंचक्रोशीतल्या पशुवैद्यकांना, औषधाच्या दुकानदारांना आणि गोठेवाल्यांना भेटून एवढंच विचारा: गाय तापली की काय टोचता? भाषण नको, उत्तर लिहून घ्या.

कड्यावरची घरटी समोरच्या डोंगरसोंडेवरून बघायची, माथ्यावरून वाकून कधीच नाही. पांढऱ्या विष्ठेचे ओघळ दिसतात तिथे घरट्याची जागा असते. प्रत्येक जागेला कड्याच्या फोटोवर आकडा द्या, म्हणजे दुसऱ्या आठवड्यात "तेच का हे घरटं" असा घोळ होत नाही. शाहीन ससाणाही अशाच कड्यांवर, साधारण जानेवारी ते एप्रिल, आणि तोच काळ गिर्यारोहकांच्या मोहिमांचा. स्थानिक गिर्यारोहण गटाला आधी भेटून तेवढी एक भिंत हंगामापुरती सोडायला सांगितलं तर बहुतेक वेळा ऐकतात.

कड्यांवर आग्या मोहोळं असतात. अत्तर, धूर, आरडाओरडा यांपैकी काहीही नको आणि एकट्याने जाणं तर नकोच. खाडीकाठी बसणार असाल तर भरती-ओहोटीच्या वेळा बघून निघा.

शहरात राहणाऱ्यांना घारी आहेत. संक्रांतीच्या सुमारास त्यांचा विणीचा हंगाम सुरू असतो आणि मांजा झाडांवर लटकलेला असतो. आपल्या गल्लीतल्या झाडांवरचा, हाताला येईल तेवढा मांजा काढणं हेही घरटं राखण्याचंच काम आहे.

पिल्लू खाली पडलं तर

आधी लांबून बघा. पूर्ण पिसांचं, उभं राहणारं, पंख झापणारं पिल्लू असेल तर ते बहुधा नुकतंच उतरलेलं असतं. कुत्री आणि माणसं लांब ठेवा, आई-बाप वरून येऊन भरवतात. लवीचं पिल्लू, रक्त, लोंबणारा पंख किंवा मांजात अडकलेलं असेल तर वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा आणि वनरक्षकालाही कळवा.

ते येईपर्यंत हाताळावं लागलंच तर जाड टॉवेल किंवा पोतं डोक्यावरून टाका. अंधार झाला की पक्षी शांत होतो. चोचीची भीती बाळगू नका, नख्यांची बाळगा: दोन्ही पाय टॉवेलसकट एका मुठीत धरायचे. मग भोकं पाडलेल्या खोक्यात, सावलीत, आवाजापासून लांब. चोचीत पाणी ओतू नका, ते फुप्फुसात जातं. मासाही भरवू नका. घरी ठेवणं, मुलांना दाखवणं, फोटो काढत बसणं नको.

एकाच ठिकाणी कावळे, गिधाडं किंवा इतर पक्षी एकापेक्षा जास्त मेलेले दिसले तर कशालाच हात लावू नका. विषबाधा असू शकते, बर्ड फ्लूही असू शकतो. लांबून फोटो, वेळ, जागा, आणि वन विभागाबरोबर पशुसंवर्धन विभागालाही फोन.

हंगाम संपल्यावर

मे महिन्यात वहीची स्वच्छ प्रत काढा. एक वनरक्षकामार्फत परिक्षेत्र कार्यालयात, एक तुमच्या संस्थेकडे किंवा गटाकडे. मालकाला एक पान मराठीत, साध्या भाषेत: तुमच्या झाडावर अमुक तारखेला अंडी, अमुक तारखेला पिल्लू, अमुक आठवड्यात उडालं. हे पान बरेच जण देव्हाऱ्याजवळ किंवा कॅलेंडरमागे जपून ठेवतात आणि झाडाचं गिऱ्हाईक आलं की काढून दाखवतात.

जूनच्या पहिल्या वादळानंतर एकदा लांबून घरटं शाबूत आहे का बघा. पडलं असेल तर नव्याने बांधून द्यायच्या फंदात पडू नका. ऑक्टोबरात जोडी आपली जागा स्वतः निवडते, फक्त त्या वेळी आसपासची दोन-तीन मोठी झाडं उभी असायला हवीत. पावसाळ्यात करायचं काम म्हणून हीच झाडं शोधून ठेवा, त्यांच्या मालकांना एकदा भेटून या, आणि दुसऱ्या हंगामासाठी बरोबर बसणारा एक नवा माणूस तयार करा. कॉलेजातला मुलगा परीक्षेच्या वेळी गळतो, हे धरून दोन घ्या.